पिशवी सगळ्यात शेवटी: पुराआधी घरातल्या ज्येष्ठांची तयारी कोणत्या क्रमाने करावी

मे महिना संपत आला की चिपळूण, खेड, महाड, राजापूर इथल्या घराघरांत एकच प्रकार चालतो. मुंबई-पुण्याहून आलेली मुलं आई-वडिलांसाठी एक पिशवी भरतात. टॉर्च, बिस्किटांचे पुडे, गोळ्यांच्या दोन स्ट्रिप, एक चादर. पिशवी कपाटावर जाते आणि मुलं परतीच्या गाडीत बसतात. तयारी झाली!

पिशवी हवीच, पण ती या कामातली पाचवी पायरी आहे. रात्री तीनला पाणी दाराशी आलं की बिस्किटं कुणी विचारत नाही. गुडघे धरलेल्या आईला वर कोण नेणार, "मी नाय येणार" म्हणणाऱ्या बाबांना कोण समजावणार, आणि नेऊन ठेवायचं कुठे, हे तीन प्रश्न तेव्हा समोर येतात. त्यांची उत्तरं त्या वेळी शोधायला गेलात तर उशीर झालेलाच असतो. म्हणून आधी घर, मग माणसं, मग निघायची वेळ, त्यानंतर औषधं आणि मग पिशवी. उदाहरणं पुराची घेतली आहेत, कारण आपल्याकडे पहिला धोका तोच. वादळालाही बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

टप्पा १: पाणी कसं येतं, ते घरातल्या ज्येष्ठांनाच विचारा

एका दुपारी त्यांना घेऊन घराभोवती फिरा. पहिलं पाणी कुठून येतं, नदीकडून की मागच्या गटारातून? गटार भरल्यापासून पायरीला पाणी लागेपर्यंत किती वेळ मिळतो? कोणता रस्ता आधी बंद होतो? ही माहिती गुगलवर मिळत नाही, ती आजोबांकडे असते. वहीत लिहून घ्या.

भरतीचं गणितही त्यांनाच करू द्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी खाडीत चढलेलं असतं आणि नदीचं पाणी उतरायला जागा मिळत नाही. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं आणखी एक आहे. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणातून तिच्यात येतं. त्यामुळे आपल्या अंगणात पाऊस थांबलाय यावर विसंबू नका, पोफळीकडे, म्हणजे त्या वीजगृहांच्या भागात, आणि घाटावर काय चाललंय ते विचारा.

एका बाबतीत मात्र ज्येष्ठांचा शब्द प्रमाण मानू नका. प्रत्येक जुन्या घरात भिंतीवर २६ जुलै २००५ ची खूण दाखवणारं कुणीतरी असतं. "तेव्हा इथपर्यंत आलं होतं, ह्याच्यावर येत नाही." २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कित्येक घरांत त्या खुणेच्याही वर गेलं. ज्यांनी जुन्या खुणेवर भरवसा ठेवून सामान टेबलावर चढवलं आणि माणसं खालीच ठेवली, त्यांची दैना झाली. पाणी कुठून आणि कोणत्या क्रमाने येतं हे अनुभवावरून घ्या. कुठवर चढेल, ते अनुभवावर सोडू नका.

घर डोंगराच्या पायथ्याशी असेल तर प्रश्न वेगळा. जमिनीला नवी भेग, झाड किंवा विजेचा खांब कललेला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालेलं, यातलं काहीही दिसलं तर वरच्या मजल्यावर जाण्याला अर्थ नाही. ते घरच सोडायचं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटतं, आपण तिसऱ्या मजल्यावर, आपल्याला काय होणार? पण मीटर खाली पार्किंगमध्ये असतात. पाणी तिथे शिरलं की वीज बंद, लिफ्ट बंद, पंप बंद आणि वरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजी बुडत नाहीत, पण दोन-तीन दिवस कोंडल्या जातात. त्यांची तयारी साठवणुकीची: पिण्याचं पाणी, शिजवावं न लागणारं खाणं आणि संडासासाठी वेगळं भरून ठेवलेलं पाणी.

तपासा: वहीत तीन ओळी झाल्या का? पाणी कुठून येतं, रस्ता कोणता बंद होतो, आपण वर जायचं की बाहेर.

टप्पा २: तीन माणसं ठरवा

"शेजारी आहेत की, बघतील" ही व्यवस्था नव्हे. शेजाऱ्याच्या घरातही त्याच वेळी पाणी शिरलेलं असतं. तीन वेगवेगळी माणसं हवीत, आणि तिघांनाही आपलं नाव यादीत आहे हे तोंडी सांगितलेलं हवं.

पहिला आळीतला माणूस. हाकेच्या अंतरावरचा, धडधाकट, शक्यतो वरच्या मजल्यावर राहणारा. घराची एक किल्ली त्याच्याकडे. दाराला आतून कडी घालायची सवय असेल तर किल्लीचा काही उपयोग नाही. पावसाचे चार महिने फक्त लॅच लावायचं, हे ज्येष्ठांशी बोलून ठरवा. यावर वाद होतो, चोरांचं भय खरं असतं. निदान रेड अलर्टच्या रात्री तरी कडी नको, एवढ्यावर तडजोड करा.

दुसरं उंचावरचं घर. इथे चूक होते ती जागा न पाहता होकार घेण्याची. भाचीचं घर उंचावर आहे, पण तिथे संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि आत्याला दहा वर्षांत खाली बसता आलेलं नाही. मग आत्या पाणीच पीत नाही. दोन दिवसांत लघवीचा त्रास, चक्कर, ताप सुरू. शाळेतल्या निवारा केंद्रातही हीच अडचण येते. आधी जाऊन बघा: कमोड आहे का, किती पायऱ्या चढायच्या, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा आहे का. कमोड नसेल तर सर्जिकलच्या दुकानात कमोडची घडीची खुर्ची मिळते. ती मे महिन्यातच त्या घरी नेऊन ठेवा.

तिसरा लांबचा माणूस. मुंबईचा मुलगा किंवा पुण्याची मुलगी, पण एकच. सगळ्या नातेवाइकांनी त्यालाच विचारायचं, आई-बाबांना फोन करायचे नाहीत. नाहीतर काळजीपोटी चाळीस फोन येतात आणि बाबांच्या मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते.

लांबच्या माणसासाठी एक सूचना. आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर जिल्ह्यापुरता असतो. मुंबईत बसून तो फिरवलात तर फोन तिथल्याच कक्षात जाईल. आपल्या जिल्ह्याच्या कक्षाचा एसटीडी कोडसह पूर्ण नंबर आणि नगरपरिषदेच्या कक्षाचा नंबर आत्ताच लिहून घ्या. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन्ही घरच्या फोनमध्ये हवेत, शिवाय मोठ्या अक्षरांत भिंतीवरही. ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन सल्ल्यासाठी आणि इतर मदतीसाठी आहे. पाण्यात अडकल्यावर तिथे फोन करण्यात वेळ घालवू नका.

तपासा: आळीतल्या माणसाने त्या किल्लीने कुलूप एकदा तरी उघडून पाहिलंय का? गंजलेलं कुलूप आणि घासून नवी केलेली किल्ली यांचं क्वचितच जमतं.

टप्पा ३: निघायची रेघ कागदावर आखा

सगळ्या तयारीचा कणा हाच, आणि वगळला जातो तोही हाच टप्पा.

ज्येष्ठ माणसं हट्टाने थांबतात असं आपण म्हणतो. खरं तर त्यांच्याजवळ थांबण्याची सबळ कारणं असतात. अंधारात पडायची भीती, दुसऱ्याच्या घरी ओझं होण्याचा संकोच, देवघर, मांजर, गोठ्यातली गाय. रात्री ऐन वेळी ही कारणं खोडून निघत नाहीत. मे महिन्यातल्या निवांत संध्याकाळी, चहा पिताना, ती एकेक करून सुटतात. देवांसाठी वेगळा डबा करा. आईचे देव आधी भरले जातील हे तिला दिसलं की निम्मा विरोध मावळतो. गाय असेल तर ती कुणाच्या उंचावरच्या गोठ्यात जाणार तेही ठरवा, नाहीतर आजोबा दावं सोडून हलणार नाहीत.

मग रेघ. हवामान खात्याचा ऑरेंज आणि रेड अलर्ट म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या दिवशी *आपण* काय करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. एक नमुना देतो, आपल्या घराप्रमाणे बदलून घ्या:

ऑरेंज अलर्ट: फोन आणि पॉवर बँक चार्ज, पिण्याचं पाणी भरलेलं, पिशवी कपाटावरून दाराशी. आळीतल्या माणसाला एक फोन.

रेड अलर्ट, आणि घर सखल भागात: त्याच दिवशी उजेड असताना उंचावरच्या घरी मुक्कामाला जायचं. पाऊस पडत नसला तरी.

अलर्ट कोणताही असो, ठरवलेल्या खुणेला पाणी लागलं (गटार तुंबून रस्त्यावर येणं, समोरच्या मोरीचं तोंड बुडणं) की चर्चा बंद. निघायचं.

नगरपरिषदेची गाडी स्पीकर लावून फिरली, तरी तसंच. "बघू तासाभराने" हे वाक्य त्या दिवशी घरात बंद.

"उजेड असताना" हे शब्द लाल पेनाने लिहा. २०२१ ला पाणी रात्रीतून चढलं. तरुण माणूस अंधारात गुडघाभर पाण्यातून वाट काढील. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, काठीशिवाय चालवत नाही, त्यांना तेवढंच पाणी जिवावरचं असतं. वाहतं गुडघाभर पाणी धडधाकट माणसालाही पाडतं, आणि उघडी गटारं त्याखाली दिसत नाहीत.

चार वेळा रेड अलर्टला जाऊन चारही वेळा पाणी आलं नाही, तर पाचव्या वेळी बाबा म्हणणार, "उगाच धावपळ." हे व्हायचंच. त्यावर उपाय म्हणजे त्या मुक्कामाला पाहुणचाराचं रूप देणं: भाचीकडे जेवण, पत्ते, दुसऱ्या दिवशी परत. धावपळ वाटली नाही तर पुढच्या वेळी माणूस उठतो.

निर्णय कुणाचा, तेही कागदावर हवं. आई-बाबा स्वतः ठरवू शकत असतील तर निर्णय त्यांचाच, आणि रेघही त्यांच्याच हाताने लिहून घ्या. स्वतः लिहिलेलं मोडायला माणसाला जड जातं. विस्मरणाचा आजार असेल तर एकाच माणसाकडे निर्णय द्या. अशा माणसाला संध्याकाळनंतर हलवलं तर गोंधळ फार वाढतो, म्हणून त्यांना सगळ्यात आधी, सकाळीच न्या. नेहमीची गोधडी बरोबर घ्या आणि खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी घाला.

सावध: अलर्ट पूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आपल्या आळीसाठी नाही. रत्नागिरी शहरात ऊन असताना चिपळुणात पूर असू शकतो. "इकडे काही नाही" असं सांगणाऱ्या नातेवाइकाचं ऐकून थांबू नका.

टप्पा ४: औषधं आणि कार्ड

दोन चुका नेहमीच्या. एक, औषधांचा वेगळा साठा पिशवीत भरून विसरून जाणं, आणि पुढच्या वर्षी मुदत संपलेल्या गोळ्या सापडणं. दुसरी, फक्त प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स ठेवणं, जी डॉक्टरांशिवाय कुणाला वाचता येत नाही.

साठा असा ठेवा: रोजच्या डब्यात नेहमीच पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त. नवीन स्ट्रिप आली की ती मागे, जुनी पुढे. हाच रोजचा डबा पिशवीत जाणार. डबा झाकण घट्ट बसणारा, स्टीलचा नको. आतलं दिसेल असा प्लास्टिकचा बरा.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, ठळक मराठीत, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर नाव, वय, आजार, प्रत्येक औषधाचं नाव (कंपनीचं आणि मूळ औषधाचं, दोन्ही), किती मिलिग्रॅम, कधी. ज्या औषधाची ॲलर्जी आहे ते लाल शाईने. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही लाल शाईने. पेसमेकर असेल तर तो. ऐकू कमी येतं का, कोणत्या कानाने, हेही लिहा. बचाव पथकातला माणूस ओरडून सांगतो आणि आजोबा नुसती मान हलवतात, असं होऊ नये. चार प्रती काढा: पिशवीत, फ्रिजच्या दारावर, आळीतल्या माणसाकडे, आणि फोटो लांबच्या माणसाकडे.

इन्शुलिन. वापरात काढलेली बहुतेक प्रकारची बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकतं, जागा ३० अंशांखालची हवी. आपल्या ब्रँडचं काय ते औषधाच्या दुकानात विचारून कार्डावर लिहा. वीज गेली म्हणून इन्शुलिन बर्फावर ठेवू नका, गोठलं की वाया जातं. माठाचा उपाय उन्हाळ्यात छान चालतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत माठ फारसा गार होत नाही, पण तेव्हा घरातली हवाही तेवढी तापलेली नसते. सावलीतला कोपरा पुरतो.

ऑक्सिजन. घरात कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) चालू असेल तर इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. पाच लिटरचं यंत्र साधारण तीन-साडेतीनशे वॉट घेतं, घरगुती इन्व्हर्टर ते जेमतेम तीन-चार तास ओढतो. १५०० लिटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो. म्हणजे तोही मुक्कामाचा उपाय नाही, रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे ध्यानात ठेवा. अशा रुग्णांनी रेड अलर्टची वाट पाहू नये, ऑरेंजलाच हलावं.

डायलिसिस. परशुराम घाट किंवा कुंभार्ली बंद झाला की कराड काय आणि मुंबई काय, सारखंच लांब. डायलिसिस केंद्राला मे महिन्यातच विचारा: रस्ता बंद होण्याचा रंग दिसला तर पाळी एक दिवस आधी घेता येते का? पाळी चुकलीच तर पाणी आणि खाणं किती, तेही लिहून घ्या. आणखी एक. पुरानंतर जो तो शहाळं पुढे करतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळ्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. कार्डावर "शहाळं नको" असं स्पष्ट लिहा.

टप्पा ५: आता पिशवी

पाठीवर अडकवता येईल अशी. दोन्ही हात काठीसाठी आणि कठड्यासाठी मोकळे हवेत. चाकांच्या बॅगा पाण्यात निरुपयोगी.

आत प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून: जुना पण चालणारा चष्मा, दाताच्या कवळीचा डबा, कानाच्या यंत्राचे सेल, मोठ्यांचे डायपर लागत असतील तर ते, एक उबदार कपडा, टॉर्च, शिट्टी, ओआरएसची पाकिटं, मधुमेह्यांची साखर एकदम उतरली तर खडीसाखर, सुटे पैसे. एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद असतात, त्यामुळे शंभराच्या नोटा हव्यात. काठीवर नाव लिहिलेली पट्टी. निवाऱ्यात काठ्यांची हमखास अदलाबदल होते.

कागद: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), घराचा उतारा, विम्याचे कागद. मूळ कागद वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या घरी, पिशवीत झेरॉक्स, फोटो लांबच्या माणसाकडे. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. काढलं नसेल तर हे काम आधी उरका, आणीबाणीत ते होणार नाही.

फरसाण आणि नूडल्सची पाकिटं शक्यतो नकोत. रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांना त्या मिठाचा त्रास होतो. भाजलेले पोहे, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या चालतात. दात नसतील तर सातूचं पीठ.

टप्पा ६: एकदा उचलून पाहा

हा टप्पा लोक हसण्यावारी नेतात.

जुन्या घरात माळ्यावर जायला शिडी असते. बाबा ती शेवटचं कधी चढले होते? चढवत नसेल तर "माळ्यावर जाऊ" हा बेत आजच रद्द करा आणि बाहेर पडायची रेघ आणखी अलीकडे घ्या.

जिन्यावरून उचलून न्यायचं तर लाकडी किंवा लोखंडी, पाठ असलेली भक्कम खुर्ची घ्या. प्लास्टिकची नको, तिचे पाय वजनाने फाकतात. माणसाला बसवून छातीवरून आणि पोटऱ्यांवरून पंचा किंवा ओढणी बांधा, हात आत. एकाने पाठीमागून खुर्चीची पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय, आणि खुर्ची किंचित मागे कलती ठेवायची. उतरताना माणसाचे पाय पुढे, चढताना पाठ पुढे. म्हणजे दोन्ही वेळी त्याचं तोंड खालच्या पायऱ्यांकडे राहतं. एकाने "एक, दोन, हां" म्हणायचं आणि दोघांनी एकदम पाऊल टाकायचं.

पहिला सराव एखाद्या तरुण मुलाला बसवून करा. मग आजींची परवानगी घेऊन चार पायऱ्या. साडी पायांत येते, म्हणून त्या दिवसासाठी गाऊन किंवा पंजाबी ड्रेस हाताशी ठेवा. नको म्हणत असतील तर साडीचा काठ गुडघ्यांपाशी बांधायला एक नाडी पुरते.

सावध: खाकेत हात घालून ओढू नका. हाडं ठिसूळ झालेल्या वयात खांदा निखळायला किंवा हाड मोडायला तेवढं पुरतं.

तपासा: जिन्याच्या वळणावर खुर्ची वळते का? वळत नसेल तर घोंगडीची झोळी करून चौघांनी न्यावं लागेल. मग माणसंही चार ठरवा.

टप्पा ७: रेघ ओलांडली की या क्रमाने

१. आळीतल्या माणसाला फोन. लागला नाही तर एसएमएस. नेटवर्क कमजोर असताना कॉलपेक्षा तो जाण्याची शक्यता जास्त.

२. ज्येष्ठांनी लघवी करून घ्यायची. वाटेत अडकलात तर याचं मोल कळतं.

३. पायांत मागे पट्टा असलेल्या, घट्ट सँडल. स्लिपर पाण्यात पहिल्या पावलाला निघते.

४. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र अंगावर. मग देवांचा डबा, औषधांचा डबा, पिशवी.

५. गॅसचा रेग्युलेटर बंद. मेन स्विच बंद, पण फरशी कोरडी असेल तरच. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावू नका.

६. दार लावून घेतल्यावर आळीतल्या माणसाला "निघालो", पोहोचल्यावर लांबच्या माणसाला "पोहोचलो". दुसरा निरोप लोक विसरतात, आणि बचावाची होडी रिकाम्या घराकडे जाते.

सामान वर चढवणं या यादीत नाही. ते काम माणसं पोहोचल्यावर, वेळ उरला तर, तरुणांनी करायचं. टीव्ही वर ठेवता ठेवता बाहेर पडायची वाट बंद होते.

टप्पा ८: निघता आलं नाही तर

वर जा, शक्य तितकं लवकर, आणि वर गेल्यावर खाली येऊ नका. माळ्याला बाहेर पडायला वाट नसेल, कौलं काढता येत नसतील, तर तिथे कोंडून घेऊ नका. शेजारची पक्की इमारत बरी.

११२ ला किंवा नियंत्रण कक्षाला फोन करताना भावना कमी आणि माहिती जास्त: पत्ता, ओळखीची खूण, कितव्या मजल्यावर, किती माणसं, त्यातली किती चालू शकत नाहीत, पाणी कुठवर. हे वाक्य कागदावर आधीच लिहून ठेवलं तर घाबरलेली आजीसुद्धा वाचून दाखवू शकते. नंतर फोन सारखा लावत बसू नका. दर तासाला ठरलेल्या मिनिटाला चालू करा, पाच मिनिटांनी बंद. दिवसा खिडकीला रंगीत साडी, रात्री टॉर्च आणि शिट्टी.

ज्येष्ठांना ओलं राहू देऊ नका. जुलैतही भिजलेलं म्हातारं शरीर झपाट्याने गार पडतं, आणि थंडी वाजतेय हे ते सांगत नाहीत. तहानेचंही तसंच. दर तासाला दोन घोट द्या. पाणी बेताने घ्यायला सांगितलेलं असेल, त्यांना कार्डावर लिहिल्याप्रमाणे. लघवीसाठी झाकणाची बादली आणि आडोशाला चादर. ही सोय न मागता करा.

टप्पा ९: परतताना घाई नको

पहिल्या दिवशी ज्येष्ठांना घरी आणायचंच नाही. चिखलावर घसरून खुबा मोडण्याचा धोका पाण्याइतकाच मोठा. आधी तरुणांनी जायचं, हातात काठी, पायांत गमबूट. अडगळीत फुरसं किंवा घोणस आसऱ्याला आलेली असू शकते. वायरमनने पाहिल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये.

साफसफाईआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा चिखल धुतलेला असतो आणि आजोबांना नुकसान तोंडी सांगत बसावं लागतं. ती पाण्याची रेघ पुसण्याआधी तारखेसह रंगवूनही ठेवा.

भिजलेल्या गोळ्या, उघडं पीठ, पाण्यात बुडालेले डबे टाकून द्यायचे. "वाळवलं की चालतं" म्हणणाऱ्या आजींशी इथे थोडं भांडावं लागेल. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडल्याशिवाय पाणी वापरू नका, आणि पिण्याचं पाणी उकळूनच.

चिखलात पाय घातलेल्या प्रत्येकाने लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) प्रतिबंधक गोळी आपल्या मनाने न घेता आरोग्य कर्मचाऱ्याला कार्ड दाखवून घ्यावी, चालू औषधांशी तिचं पटतं का ते पाहून. पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा: ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं. यातलं काही दिसलं तर क्रोसिन देऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर. म्हाताऱ्या माणसात ताप दरवेळी दिसतोच असं नाही. जेवण बंद झालं, बोलणं तुटक झालं, तरी तेवढं पुरे.

पुढची उजळणी गणपतीत करा. तेव्हा सगळे चाकरमानी घरात असतात आणि खुर्ची उचलायला हात मिळतात. कार्डावरची औषधं बदलली का, किल्ली अजून चालते का, उंचावरच्या घरातलं कुणी गाव सोडून गेलं का, कानाच्या यंत्राचे सेल नवे आहेत का, एवढं पाहा. पिशवी मात्र गणपती गेले म्हणून माळ्यावर टाकू नका. अरबी समुद्रातली वादळं मे-जूनइतकीच ऑक्टोबर-नोव्हेंबरातही उठतात, तेव्हा ती दिवाळीनंतरही दाराशीच राहू दे.